लाकूड आपले, किट बाहेरचे : हातघडणीच्या पेनांच्या किटची संपूर्ण माहिती

वरोरा असो, चंद्रपूर असो की बल्लारपूर, फर्निचरच्या कोणत्याही कारखान्यात संध्याकाळी डोकावून बघा. कोपऱ्यात सागवानाच्या तुकड्यांचा ढीग पडलेला दिसेल. खुर्चीचा पाय कापताना उरलेला, दाराच्या चौकटीतून निघालेला वीतभर तुकडा. यातले बरेचसे चुलीत जातात. त्याच वीतभर तुकड्यातून एक चांगले पेन निघू शकते, आणि ते पेन निकाहच्या भेटीत, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या सत्कारात किंवा दहावी पास झालेल्या मुलीच्या हातात शोभून दिसते.

पण लाकडातून निघतो तो फक्त पेनाचा अंगरखा. निब, जीभ, टोपणाचे आटे, क्लिप, आतली नळी हे सगळे धातूचे व प्लास्टिकचे भाग विकत घ्यावे लागतात. हे भाग एकत्र जुळवून पाकिटात मिळतात, त्यालाच पेन किट म्हणतात. समाजातले बरेच तरुण आजकाल व्हिडिओ बघून या कामाकडे वळतात. घरात सुतारकाम असेल तर उत्साह आणखी वाढतो. मग होते काय, की चमकदार फोटो बघून किट मागवले जाते, पेन बनते, विकलेही जाते, आणि वर्षभराने गिऱ्हाईक परत येते, "याची रिफील कुठे मिळते?" उत्तर नसते. म्हणून या लेखात आम्ही किटची ओळख, प्रकार, लाकूड, काम, खर्च आणि कायदा यांची माहिती एका जागी देत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच: किट निवडताना आजची चमक बघू नका, दोन वर्षांनंतरची रिफील, शाई आणि निब बघा.

कलम ते किट

शाई पोटात साठवणारे पेन ही फक्त युरोपची देणगी आहे असे मुलांना शिकवले जाते. दहाव्या शतकात फातिमी खलिफा अल-मुइज्ज यांनी असे कलम मागितल्याची नोंद काझी अल-नुअमान यांच्या लेखनात आहे, ज्यात शाई आतच राहील, उलटे धरले तरी सांडणार नाही आणि लिहिताना मात्र आपोआप उतरेल. काझी अल-नुअमान यांचे निधन ९७४ साली झाले. ते कलम आज कुठे शिल्लक नाही. पण गरज काय होती आणि अडचण काय होती, हे त्या नोंदीतून नेमके कळते. शाई हवी तेवढीच उतरणे, ना कमी ना जास्त, हीच आजही पेनाची खरी कसोटी आहे. १८८४ मध्ये अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी जिभेला बारीक खाचा पाडून शाई आणि हवा यांचा मेळ बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि तिथून फाउंटन पेन घरोघर पोचले.

आपल्या देशात हाताने पेन घडवण्याची परंपरा स्वदेशी चळवळीतून वाढली. राजमहेंद्रीचे रत्नम पेन वर्क्स १९३२ चे. हैदराबादचे डेक्कन पेन स्टोअर्स १९२८ चे. मुंबईची एअरमेल पेन कंपनी १९५१ ची, जिची वॅलिटी नावाची पेने जुन्या शिक्षकांना नक्की आठवतील. शाईच्या बाबतीत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेला कॅमलिनचा कारखाना मराठी घरांना वेगळा सांगायला नको.

या जुन्या कारागिरांची पद्धत वेगळी होती आणि आहे. ते एबोनाईट म्हणजे कडक केलेल्या रबराची कांडी लेथवर चढवतात, आतून पोकळ करतात आणि त्या कांडीतच आटे पाडतात. बाहेरून येते ती फक्त निब आणि जीभ. याला बिनकिटचे पेन म्हणू. ते शिकायला वर्षे जातात आणि आटे पाडायची हत्यारेही महाग.

किटची पद्धत सोपी आहे. इथे आटे धातूच्या भागांत आधीच पाडलेले असतात. आपण लाकडाला भोक पाडायचे, त्यात किटमधली पितळी नळी चिकटवायची, लाकूड बाहेरून कातायचे, आणि शेवटी धातूचे भाग नळीत दाबून बसवायचे. मराठीत या कामाला कातकाम आणि करणाऱ्याला कातारी म्हणतात, उर्दूत खराद आणि खरादी. पाळण्याचे खांब आणि पोळपाट-लाटणे कातणारा हात पेन सहज कातू शकतो. फक्त माप बारीक असते.

किटमध्ये काय काय असते

किटचे पाकीट उघडले की हे भाग दिसतात:

पितळी नळ्या: एक किंवा दोन. लाकूड यांच्यावरच बसते.

निब आणि जीभ: फाउंटन पेनाच्या किटमध्ये. जीभ म्हणजे निबेखालचा खाचांचा काळा भाग, जो शाई आणून देतो.

पुढची पकड: जिथे आपण बोटांनी धरतो. फाउंटन पेनात यात निब बसते, रोलरबॉलमध्ये रिफीलचे टोक यातून बाहेर येते.

शाईची सोय: काडतूस, किंवा बाटलीतून शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर.

जोडरिंगा, टोपणाचे आटे, क्लिप आणि शेवटचे बूच.

किटमध्ये नसते ते असे: लाकूड, गोंद, ड्रिल बिट आणि बुश. बुश म्हणजे लाकूड किती जाड ठेवायचे हे दाखवणाऱ्या पोलादी कड्या. प्रत्येक किटचे बुश वेगळे असतात आणि ते वेगळे विकत घ्यावे लागतात. नव्या माणसाचा पहिला खर्च इथेच चुकतो. पाच वेगवेगळ्या प्रकारची किट मागवली की पाच जोड्या बुश आणि पाच-सात ड्रिल बिट लागतात. एकाच प्रकारची दहा किट घेतली तर एकच जोडी पुरते. म्हणून सुरुवात एकाच प्रकाराने करावी.

ही किट जगभर मुख्यतः तैवान आणि चीनमध्ये बनतात. तैवानची डायाकॉम ही त्यातली जुनी कंपनी. अमेरिकेतल्या पेन स्टेट इंडस्ट्रीज आणि क्राफ्ट सप्लाइज यूएसए या दोन विक्रेत्यांची नावे आणि नमुने सगळीकडे प्रचलित आहेत. थेट परदेशातून मागवले तर किमतीवर टपालखर्च, आयात शुल्क आणि कर चढतो. तेव्हा किंमत म्हणजे पाकिटावरची किंमत नव्हे, घरपोच पडलेली किंमत धरायची.

प्रकार कोणते आणि आपल्यासाठी कोणता

स्लिमलाइन: सगळ्यात स्वस्त आणि सोपे. दोन नळ्या, दोन्हींना ७ मिमीचेच भोक. मधून फिरवून उघडणारे बॉलपेन. शिकायला उत्तम. पण यात क्रॉस पद्धतीची बारीक रिफील लागते, जी तालुक्याच्या दुकानात सहजी मिळत नाही. विकायला बनवणार असाल तर सोबत दोन जादा रिफील द्या.

सिगार: जाडजूड बॉलपेन, दोन नळ्या, सर्वसाधारणपणे १० मिमीचे भोक. यात पार्कर पद्धतीची रिफील बसते. ज्यांची बोटे दुखतात अशा वडीलधाऱ्यांना हे जाड पेन आवडते.

सिएरा: एकच नळी, म्हणजे एकच भोक आणि एकच लाकडी भाग. भोक इंचात २७/६४, म्हणजे सुमारे १०.७ मिमी. हेही पार्कर रिफीलवर चालते. एकच तुकडा असल्यामुळे लाकडाच्या रेषा तुटत नाहीत आणि दोन भागांच्या रेषा जुळवत बसावे लागत नाही.

ज्युनियर जेंटलमन आणि बॅरन: हे आट्याच्या टोपणाचे प्रकार. फाउंटन आणि रोलरबॉल अशी दोन्ही रूपे मिळतात. लाकडी काम दोन्हींत तेच, फक्त पुढची पकड बदलते. म्हणजे एकच लाकडी पेन बनवून गिऱ्हाईकाला विचारता येते, निब हवी की रिफील? मात्र टोपण आणि पोट यांच्या नळ्या वेगवेगळ्या जाडीच्या असतात, त्यामुळे दोन ड्रिल बिट लागतात. मापे किटच्या कागदावरून घ्यावीत. एकाच नावाच्या जुन्या-नव्या किटांत फरक असू शकतो.

स्टेट्समन आणि तत्सम: मोठी, नक्षीदार आणि महाग. पहिली पन्नास पेने होईपर्यंत याच्या वाटेला जाऊ नये.

आमचा सल्ला असा. शिकताना स्लिमलाइन. विकायला सुरुवात करताना सिएरा किंवा सिगार, कारण पार्करची रिफील वरोऱ्यातही मिळते आणि चंद्रपुरातही. फाउंटन पेनाकडे तिसऱ्या टप्प्यावर वळावे.

निब : पेनाचा जीव

लाकूड कितीही सुंदर असो, निब खरवडली की पेन कपाटात जाते. स्वस्त फाउंटन किटमधल्या निबेवर बहुधा "इरिडियम पॉइंट" असे कोरलेले असते. काही चांगल्या निघतात, काही खरडतात. हातात आल्यावर भिंगाखाली बघावे. दोन्ही पाती टोकाशी समोरासमोर आहेत का, मधली चीर टोकाकडे निमुळती होते का, आणि जीभ निबेला खालून चिकटून आहे का. हे तीन ठीक असले तर नव्वद टक्के तक्रारी येत नाहीत.

किट घेताना निबेचा आकार विचारा. पाच नंबर आणि सहा नंबर हे दोन आकार जगभर चालतात. या आकाराची निब असेल तर उद्या बदलता येते. जर्मनीच्या योवो आणि बॉक या कंपन्यांच्या निबा याच मापात येतात, आणि आपल्याकडच्या कॅनराइटच्या निबाही. भलत्याच आकाराची निब असेल तर ती वाकल्याबरोबर पेन संपले.

काडतुसापेक्षा कन्व्हर्टर असलेले किट घ्यावे. काडतुसे आपल्याकडे मिळायला कठीण, शाईची बाटली मात्र शाळेजवळच्या दुकानातही मिळते. गिऱ्हाईकाला वर्षानुवर्षे लिहिता यावे असे वाटत असेल तर हा मुद्दा क्लिपच्या सोनेरी रंगापेक्षा मोठा आहे.

उर्दू लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. उजव्या हाताने उजवीकडून डावीकडे लिहिताना हात ओल्या अक्षरांवरून सरकतो, जसा मराठी लिहिताना डावखुऱ्या मुलाचा सरकतो. त्यामुळे उर्दू माध्यमाच्या मुलांना बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई द्यावी. जाड, ओली निब वहीभर डाग पाडते. खुशखतसाठी मात्र गोल टोकाची साधी निब चालत नाही. तिथे बरूचे तिरके कापलेले कलमच खरे. सरावापुरती १.१ किंवा १.५ मिमीची सपाट कापलेली निब सहा नंबरच्या किटमध्ये बसवता येते. तिने अक्षराला जाड-बारीकपणा येतो, पण बरूची सर येत नाही.

रोलरबॉलची रिफील साधारण ११० मिमी लांब आणि बॉलपेनच्या रिफीलपेक्षा जाड असते. शाई पातळ, म्हणून हलक्या हाताने लिहिता येते. पण टोपण उघडे राहिले तर टोक सुकते. विकताना हे सांगून द्यावे.

मुलामा

किटच्या धातूवर जो रंग असतो तो मुलामा. साधा सोन्याचा मुलामा सुंदर दिसतो पण घामाने आणि बोटांच्या घर्षणाने सगळ्यात आधी उडतो. क्रोम टिकाऊ आणि परवडणारा. टायटॅनियमचे सोनेरी किंवा काळे रूप आणि रोडियम हे त्याहून टिकाऊ आणि महाग. आपल्याकडचा उन्हाळा आणि घाम लक्षात घेता रोजच्या पेनाला क्रोम बरा. सोनेरीच हवे असेल तर टायटॅनियमचे घ्यावे, आणि गिऱ्हाईकाला "सोन्याचे" असे सांगू नये.

लाकूड : आपल्या जिल्ह्याची खरी ठेव

किट बाहेरून येते, पण लाकडाच्या बाबतीत चंद्रपूर-गडचिरोलीइतके श्रीमंत जिल्हे थोडेच. आलापल्लीचे सागवान आणि बल्लारशाहचा सरकारी लाकूड डेपो देशभर माहीत आहेत. एका पेनाला साधारण १९ मिमी चौरस आणि १३० मिमी लांब ठोकळा पुरतो.

सागवान: सहज मिळते आणि रेषा सुंदर. पण त्यात वाळूसारखे कण असतात, त्यामुळे पटाशी लवकर बोथट होते. लाकूड तेलकट असल्याने गोंद धरत नाही. चिकटवण्याआधी भोक थिनरने पुसून घ्यावे.

तेंदू: बिडीच्या पानासाठी आपण हे झाड ओळखतो. त्याच्या जुन्या खोडाचा गाभा काळा असतो, आबनूसच्याच कुळातला. पेन अतिशय देखणे होते. पण लाकूड ठिसूळ, ड्रिल हळूच चालवावे.

हळदू: पिवळे, बारीक दाण्याचे, कातायला लोण्यासारखे. नव्या हातासाठी उत्तम.

खैर आणि बाभूळ: कठीण आणि जड, चकाकी छान येते.

बिजा: तपकिरी, पाण्याला रंग सोडणारे लाकूड, ज्याचे ग्लास अनेक घरांत आहेत. घामाने रंग उतरू नये म्हणून वरचे पॉलिश पक्के हवे.

शिसम: गडद आणि घट्ट. पण डाल्बर्जिया कुळातले हे लाकूड २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस यादीत आहे. परदेशात पेन पाठवायचे असेल तर आधी नियम विचारावेत.

बांबू: आपल्या जंगलातला मानवेल जवळजवळ भरीव असतो, म्हणून पेनाला जमतो. भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून वाळवावा. बांबूकामाचे शिक्षण घ्यायचे असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला सरकारचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. लाकूड वाळलेले हवे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. पितळी नळी आकसत नाही, लाकूड आकसते. पावसाळ्यात ओलसर लाकडाचे बनवलेले पेन एप्रिलमध्ये उभे तडकते, आणि तेव्हा ते गिऱ्हाईकाच्या खिशात असते. ठोकळे कापून, टोकांना मेण लावून, सावलीत निदान एक उन्हाळा काढू द्यावा. जुन्या दारा-खिडक्यांचे सागवान यासाठी फार चांगले. त्याची आकसायची हौस कधीच फिटलेली असते.

काम कसे करायचे

पायरी १. ठोकळा नळीपेक्षा दोन-तीन मिमी लांब कापा. दोन भाग असतील तर रेषा जुळाव्यात म्हणून पेन्सिलने खूण करा.

पायरी २. भोक पाडा. ड्रिल थोडे आत गेले की बाहेर काढून भुसा झटका. घाई केली की लाकूड तापते आणि आतून फुटते. दुसऱ्या टोकाला बाहेर पडताना लाकूड उडू नये म्हणून ठोकळा थोडा लांब ठेवून, भोक पाडल्यावर शेवट कापणे हा सोपा उपाय.

पायरी ३. नळी काचपेपरने खरखरीत करा आणि चिकटवा. दोन घटकांचा इपॉक्सी गोंद सगळ्यात भरवशाचा. झटपट चिकटणारा गोंद चालतो, पण नळी अर्ध्यात अडकली की निघत नाही. गोंद नळीच्या आत जाऊ देऊ नका.

पायरी ४. टोके नळीच्या तोंडाशी सपाट आणि काटकोनात करा. हे नीट झाले नाही तर शेवटी जोडात फट दिसते, आणि ती लपवता येत नाही.

पायरी ५. मँड्रेल म्हणजे बारीक पोलादी दांड्यावर बुशसकट चढवा. नट फार आवळू नका, दांडा वाकतो आणि पेन लंबवर्तुळ होते.

पायरी ६. गोल पटाशीने काता. मिनिटाला साधारण २००० ते ३००० फेरे. बुशच्या अगदी जवळ आल्यावर पटाशी थांबवून काचपेपर घ्या: १५० पासून ६०० पर्यंत क्रमाने. एकही नंबर गाळू नका. शेवटी लेथ थांबवून रेषेच्या दिशेने घासा.

पायरी ७. पॉलिश. लाखेचे पॉलिश हातापुढे सुंदर दिसते, पण घामाने काही महिन्यांत मळकट होते. झटपट गोंदाचे पातळ थर देऊन घासणे हा जास्त टिकाऊ मार्ग. थर देताना खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते.

पायरी ८. जोडणी. भाग हातोड्याने ठोकू नका. वाईसच्या जबड्यांना लाकडी पट्ट्या लावून हळूच दाबा. आधी किटच्या कागदावरचा क्रम बघा. चुकीचा भाग आधी दाबला की परत निघणे अवघड.

जिवाची काळजी

लेथजवळ ओढणी, सैल बाही, गळ्यातला गमछा आणि अंगठी चालत नाही. हातमोजेही घालू नयेत, ते ओढले जातात. तोंडावर पारदर्शक ढाल हवी, कारण ठोकळा फुटला तर तो थेट चेहऱ्याकडे येतो. कठीण लाकडाचा भुसा वर्षानुवर्षे श्वासात गेला तर नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केले आहे. धुळीचा चांगला मास्क वापरा, आणि घरात लहान मुले झोपतात त्या खोलीत हे काम करू नका.

लाकूड कायद्याचे हवे

सागवान, बिजा, हळदू, खैर ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आहेत. आपल्या शेतातले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. जंगलातून लाकूड उचलून आणणे तर दूरच. काम तुकड्यांचे असले तरी लाकूड आरागिरणीतून, फर्निचरवाल्याकडून किंवा डेपोतून घ्यावे आणि साधी का होईना पावती ठेवावी. बांबूबाबत २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू "झाड" या व्याख्येतून निघाला. त्यामुळे शेतातल्या बांबूचे काम सोपे झाले आहे.

हिशोब

हा हिशोब केवळ उदाहरण म्हणून बघा. आकडे आपापले घालावेत. समजा किट घरपोच ५०० रुपयांना पडले. लाकूड २०, गोंद, काचपेपर आणि पॉलिश ४०, डबी ४०, वीज आणि हत्यारांची झीज ३०. झाले ६३० रुपये. दहा पेनांत एक बिघडते असे धरा. म्हणजे दहांचा खर्च ६३०० रुपये आणि विकायला नऊ. एक पेन ७०० ला पडले. त्यात दोन तासांची मजुरी २०० धरली तर ९०० रुपये. याखाली विकले तर तुम्ही आपली मेहनत फुकट देत आहात. ओळखीच्यांना स्वस्तात देण्याच्या नादात असे अनेक घरगुती धंदे बंद पडतात. भेट द्यायची तर भेट द्या, विकायचे तर हिशोबाने विका.

या हिशोबात लेथ धरलेला नाही. म्हणून आधी लेथ विकत घेऊ नये. गावातल्या कातारीकडे किंवा सुताराकडे तासावर काम करून दहा पेने बनवा आणि विका. ती खपली आणि तक्रार आली नाही, तरच यंत्राचा विचार करा. लेथ घेताना त्याच्या टोकांचा उतार दोन नंबरच्या मोर्स मापाचा आहे का ते बघा, पेनाची बहुतेक हत्यारे त्याच मापात मिळतात.

घरात पिढीजात सुतारकाम असेल तर पीएम विश्वकर्मा योजना पाहावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि सुतार त्यात आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षण, आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत ५ टक्के दराचे कर्ज अशी तरतूद आहे. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. सध्या अर्ज घेतले जात आहेत का हे जवळच्या सीएससी केंद्रावर विचारावे. अल्पसंख्याकांसाठी राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही आहे. कर्ज घ्यायचे की नाही हा प्रत्येक घराचा निर्णय. अवजारांची मदत आणि प्रशिक्षण यांची चौकशी मात्र प्रत्येकाने करावी.

विकताना सोबत काय द्यावे

डबीत एक छोटी चिठ्ठी ठेवा. मराठीत आणि उर्दूत. त्यात चार गोष्टी लिहा: लाकूड कोणते, रिफील किंवा निब कोणत्या मापाची, ती कुठे मिळते, आणि देखभाल कशी करायची. फाउंटन पेनासाठी एवढे सांगणे पुरे: महिन्यातून एकदा साध्या पाण्याने निब धुवा, गरम पाणी नको. पेन खिशात नेहमी निब वर करून ठेवा. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, कारण आतली हवा तापून फुगते आणि शाई टोपणात उतरते. पोट एक तर पूर्ण भरलेले ठेवा किंवा रिकामे. दाट, जलरोधक किंवा चित्रकलेची शाई भरू नका, तिने जिभेच्या खाचा बुजतात.

आमच्या वरोऱ्याला हाताच्या कामाचे मोल नवीन नाही. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या महारोगी सेवा समितीच्या आनंदवनात, समाजाने दूर लोटलेल्या माणसांनी हातमागापासून हस्तकलेपर्यंत वस्तू घडवल्या, आणि लोकांनी त्या दया म्हणून नव्हे तर चांगल्या म्हणून घ्याव्यात असा आग्रह तिथे राहिला. आपल्या मुलांनी पेन बनवले तर त्यालाही हाच नियम लावावा. आपल्या पोराने बनवले म्हणून कुणी घेऊ नये, चांगले लिहिते म्हणून घ्यावे. हे साधायचे तर पहिली खरेदी विचारपूर्वक करा: एकाच प्रकारची दहा किट, जिची रिफील आपल्या बाजारात मिळते, आणि एका उन्हाळ्यातून गेलेले लाकूड. बाकी हुनर हाताला आपोआप येत जाते.